दुपारी बाराची शिट्टी

परवा कपाट आवरताना जुन्या जॅकेटच्या खिशात एक मास्क सापडला. निळा, चुरगळलेला, एका बाजूचं इलॅस्टिक तुटलेलं. कचऱ्यात टाकायला गेलो आणि थबकलो. २०२० साली हाच तुकडा गाडीत विसरला म्हणून मी दुकानाच्या दारातून उलटा पळत गेलो होतो. आणि पुढे याच तुकड्यापायी माझी माझ्याच नजरेत फजिती झाली. ती गोष्ट शेवटी सांगतो. त्याआधी एक शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मी राहतो तिथून गाडीने तासाभरावर असलेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराची.

२०२०च्या मार्चमध्ये आमच्या बे एरियातल्या सहा काउंट्यांनी अमेरिकेत सगळ्यात आधी 'घरीच थांबा' असा हुकूम काढला. १६ मार्चला दुपारी जाहीर झाला, मध्यरात्रीपासून लागू. ऑफिस घरी आलं, प्रवासाचे रोजचे दोन तास वाचले, आणि त्या दोन तासांत मला जुनी वर्तमानपत्रं वाचायचं व्यसन लागलं. १९१८च्या फ्लूत या शहरात काय झालं ते शोधायला बसलो आणि जे सापडलं ते वाचून आधी हसू आलं. पुढे पुढे हसू कमी झालं.

तर १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. सप्टेंबरच्या शेवटी शिकागोहून आलेला एक माणूस शहरात आजारी पडला. तेव्हाचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅसलर. आपल्याकडची हवा चांगली आहे, फ्लूचा इथे फारसा जोर होणार नाही, असा त्यांचा आधी अंदाज होता. (हा अंदाज प्रत्येक साथीत प्रत्येक शहरात कुणीतरी बांधतोच!) ९ ऑक्टोबरपर्यंत १६९ रुग्ण होते, आणखी एका आठवड्यात दोन हजारांच्या वर गेले. शाळा, नाट्यगृहं, नाचाचे हॉल बंद झाले. आणि हॅसलर साहेबांनी मास्क हे आपलं मुख्य हत्यार ठरवलं. सुरुवात न्हाव्यांपासून झाली, मग हॉटेलातले नोकर, बँकेतले कारकून, औषधांची दुकानं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळं शहर. नगरमंडळाने एकमताने कायदा केला की सार्वजनिक ठिकाणी, किंवा दोन किंवा जास्त माणसं जमतील तिथे, मास्क हवा. जेवताना तेवढी सूट. मोडाल तर ५ ते १०० डॉलर दंड किंवा दहा दिवसांपर्यंत कैद.

मास्क म्हणजे काय, तर जखमेवर बांधतात त्या जाळीदार गॉझच्या चार घड्या आणि दोन नाड्या. रेड क्रॉसच्या बायका शिवायच्या आणि दहा सेंटला विकायच्या. पहिल्या काही दिवसांत लाखभर गेले. हौशी लोकांनी आपापले प्रकार काढले. कुणी झिरझिरीत शिफॉनचा बुरखा घेतला, कुणी कुत्र्याच्या मुसक्यासारखं काहीतरी तोंडावर बांधलं. सिगारवाल्यांनी सिगारपुरतं भोक पाडलं. आणि हनुवटीवर मास्क? होता की! फोटोत दिसतो. मी इतके दिवस समजत होतो की हनुवटीवर मास्क हा खास आपला देशी शोध आहे. :-)

मात्र एकंदरीत लोकांनी नियम पाळला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढच्या सगळ्या गमतीत ते विसरायला होतं. युद्धाचे दिवस होते. मास्क न लावणारा म्हणजे युद्धाच्या काळात अंग चोरणारा, असा प्रचार रेड क्रॉसने चालवला होता. शेजारी बघतोय, दुकानदार बघतोय, ट्राममधली म्हातारी बघतेय. ११ नोव्हेंबरला युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा हजारो लोक रस्त्यावर नाचले आणि त्यातले बहुतेक मास्क लावून नाचले.

न पाळणारेही होतेच. २७ ऑक्टोबर या एका दिवसात ११० जणांना पकडलं. बहुतेकांना ५ डॉलर दंड, काहींना थोड्या दिवसांची कैद. पोलीसप्रमुखांना काळजी पडली की असेच पकडत राहिलो तर कोठडीत जागा पुरायची नाही. दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. भर बाजारात, एका औषधाच्या दुकानासमोर, आरोग्य खात्याच्या एका शिपायाने एका नालबंदाला मास्क घालायला सांगितलं. नालबंदाने नकार दिला, बाचाबाची झाली, आणि नालबंदाने चांदीच्या डॉलरांची पिशवीच शिपायाला हाणली. शिपायाने पिस्तूल काढून गोळी झाडली. नालबंद जखमी झाला, शिवाय बघे जखमी झाले ते वेगळेच. पोलिसांनी दोघांनाही अटक केली. एकाला शांततेचा भंग केला म्हणून, दुसऱ्याला प्राणघातक हल्ल्याबद्दल.

आता मुख्य प्रसंग. नोव्हेंबरच्या मध्यावर, मास्कसक्ती चालू असताना, शहरात बॉक्सिंगचा एक मोठा सामना झाला. तिथे एका छायाचित्रकाराने प्रेक्षकांचा फोटो काढला. फोटोत पुढे बसलेली बडी मंडळी स्वच्छ उघड्या तोंडाने सामना बघतायत. एक न्यायाधीश, एक नौदल अधिकारी, नगरमंडळाचा एक सभासद. त्यांच्याबरोबर महापौर जेम्स रॉल्फ. आणि खुद्द डॉ. हॅसलर! ज्यांनी नियम केला ते. महापौरांना ५० डॉलर दंड झाला, डॉक्टरांना ५. दंड वसूल केला तो त्यांच्याच पोलीसप्रमुखाने.

या दोघांना खलनायक करायची मला इच्छा नाही. रॉल्फ लोकप्रिय होते आणि हॅसलर दिवसरात्र राबत होते. महिनाभर झोप नसलेला माणूस एका संध्याकाळी सामना बघायला गेला, गरम झालं, मास्क खाली घेतला. इतकंच. पण फोटोत थकवा दिसत नाही, फक्त उघडं तोंड दिसतं.

२०२० साली नोव्हेंबर महिन्यात मी हे वाचत होतो तेव्हाच बातमी आली की कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर नापा खोऱ्यातल्या एका महागड्या रेस्टॉरंटात एका मित्राच्या वाढदिवसाला जेवायला गेले होते. वेगवेगळ्या घरातल्या लोकांनी एकत्र जमू नका, असं जनतेला सांगत असतानाच. फोटो बाहेर आले, गव्हर्नरांनी माफी मागितली. मग कळलं की दुसऱ्याच रात्री, त्याच रेस्टॉरंटात, सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरबाईही गेल्या होत्या. १०२ वर्षांनी, तोच महिना! मी तेव्हा लॅपटॉपवर टाळी वाजवून हसलो होतो. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "इतिहासाने कॉपी-पेस्ट केलंय."

असो. पुन्हा १९१८कडे वळू. रुग्ण कमी झाले. नाट्यगृहं उघडली. आणि २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता शहरभर शिट्ट्या वाजल्या. ती मास्क काढायची खूण होती. लोकांनी तोंडावरचे मास्क ओरबाडून काढले आणि रस्त्यात फेकले. फुटपाथवर त्या पांढऱ्या फडक्यांचा सडा पडला. आइस्क्रीमची दुकानं आणि बार भरून वाहिले. चार आठवड्यांची साथ, शहर जिंकलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आकडे वर जायला लागले. महापौरांनी विनंती केली की पुन्हा मास्क लावा, मनाने लावा. दहातल्या एखाद्याने लावला. हॅसलर सक्ती मागायला नगरमंडळाकडे गेले. पण तोंडावर नाताळ आला होता, व्यापाऱ्यांना भीती की मास्क दिसला की गिऱ्हाईक घरी बसेल. नगरमंडळाने प्रस्ताव फेटाळला. त्याच सुमारास हॅसलर यांच्या नावाने एक बाँबही आला, सुदैवाने फुटला नाही. जानेवारीत एकेका दिवशी सहाशे नवे रुग्ण निघाले तेव्हा कुठे नगरमंडळ हललं आणि १७ जानेवारी १९१९पासून मास्क परत आला.

पण हा मास्क तो मास्क नव्हता. कायदा बहुतांशी तसाच, गॉझ तीच, माणसंही तीच. तरी आता 'अँटी-मास्क लीग' नावाची रीतसर संघटना निघाली. अध्यक्ष होत्या मिसेस हॅरिंग्टन, वकील आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या. म्हणजे कुणी अडाणी, तऱ्हेवाईक बाई नव्हे. २५ जानेवारीला 'ड्रीमलँड रिंक' नावाच्या हॉलमध्ये सभा झाली आणि तिला दोन हजारांवर माणसं जमली. काहींचं म्हणणं कायदा मागे घ्या एवढंच, काहींना हॅसलर यांचा राजीनामा हवा. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. या सगळ्या काळात साधारण साडेपाच लाख वस्तीच्या शहरात तीन हजारांवर माणसं गेली होती.

दोन महिन्यांत असं काय बदललं? मला वाटतं, तीन गोष्टी.

पहिली म्हणजे शिट्टी. सोहळा करून संपवलेली गोष्ट पुन्हा सुरू करणं फार जड जातं. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. प्रॉडक्शनमध्ये मोठा गोंधळ होतो, टीम चार रात्री जागते, मग मॅनेजर 'सगळं पूर्ववत' अशी मेल पाठवतो, केक कापला जातो. आठवड्याने तोच एरर पुन्हा दिसला तर ते तिकीट पुन्हा उघडायला कुणाचा हात धजत नाही. 'वेगळं काहीतरी असेल' म्हणून सगळे इकडे तिकडे बघतात. केक खाल्लेला असतो ना!

दुसरी म्हणजे वाढवून सांगणं. मास्कने फ्लूपासून ९९ टक्के बचाव होतो, असं ऑक्टोबरच्या जाहिरातीत पानभर छापलं होतं. खाली महापौर, आरोग्य मंडळ, रेड क्रॉस सगळ्यांची नावं. आता त्या जाळीदार गॉझमधून ९९ टक्के कसला बचाव होणार! कॅलिफोर्नियाच्याच राज्य आरोग्य मंडळाचे सचिव डॉ. केलॉग यांनी नंतर प्रयोग करून पाहिले. गॉझचे थर वाढवले की श्वास घेता येत नाही आणि हवा कडेने आत येते. मास्कसक्ती केलेल्या आणि न केलेल्या शहरांत फरक दिसत नाही, असं त्यांनी १९२०मध्ये छापलं. (आजचे चांगले मास्क वेगळे. त्यांचं कापड आणि बसण्याची पद्धत दोन्ही वेगळं. गॉझवरून त्यांना बोल लावू नका.) गर्दी टाळणं, शाळा बंद ठेवणं, आजाऱ्यांना वेगळं ठेवणं, हे सगळं मिळून, लवकर आणि जास्त दिवस केलं तिथे मृत्यू कमी झाले, हे अमेरिकेतल्या ४३ शहरांच्या २००७ सालच्या अभ्यासातून दिसलं. पण ते टक्केवारी लावून मिरवण्यासारखं वाक्य नाही. ९९ टक्के ऐकलेल्या माणसाच्या घरात जेव्हा मास्क लावूनही फ्लू शिरला, तेव्हा त्याने उरलेलं खरंही सोडून दिलं.

आणि तिसरी गोष्ट, तो बॉक्सिंगचा फोटो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सार्वजनिक ठिकाणचा नियम माणूस जंतूला घाबरून पाळतो, असं आपण समजतो. जंतू कुणाला दिसतो? माणूस पाळतो कारण शेजारी पाळतोय. सगळे एकाच रांगेत उभे आहेत, कुणी मधे घुसत नाही, तोवर उन्हातही रांग टिकते. एकजण मागच्या दाराने आत गेलेला दिसला की रांग मोडलीच. आपल्याकडे साथ आणि सक्ती म्हटलं की १८९७चं पुणं आठवतं. प्लेगमध्ये गोरे सोजीर घरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरले, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. तिथे तर रांगच नव्हती. एक नियम करणारे आणि दुसरे सोसणारे. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा मात्र टिकला, मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात तोच लागू केला.

सॅन फ्रान्सिस्कोनेही ही चूक आधी करून पाहिली होती. १९०० साली चायनाटाउनमध्ये प्लेगचा रुग्ण सापडला तेव्हा शहराने त्या वस्तीभोवती दोर बांधले. मात्र कडेची गोऱ्यांची दुकानं दोराच्या बाहेर राहतील अशा बेताने. चिनी माणसाला शहराबाहेर जायचं तर लस टोचून घेण्याची सक्ती होती. ही लस हाफकिनची, आपल्या मुंबईत १८९७मध्ये तयार झालेली! चिनी लोक कोर्टात गेले आणि जिंकले. नियम एकाच जमातीला लावता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. १९१८चा मास्क त्या मानाने फारच न्याय्य होता. महापौरापासून नालबंदापर्यंत सगळ्यांना सारखा. म्हणून तर पहिल्यांदा तो चालला. आणि म्हणून तो फोटो इतका महाग पडला.

आता माझी गोष्ट.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये माझ्या एका मित्राचे आईवडील राहायचे. काका सांगलीकडचे, बँकेतून रिटायर झालेले, दम्याचा जुना त्रास. २०२०च्या उन्हाळ्यात ते इंडियन स्टोअरच्या रांगेत माझ्या पुढे होते आणि मास्क नाकाच्या खाली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, नाक झाका ना. तुमच्यासाठीच सांगतोय." आवाज जरा चढाच होता. काकांनी काही न बोलता मास्क वर घेतला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

१५ जून २०२१ला कॅलिफोर्निया 'उघडलं'. लस घेतलेल्यांना मास्क नको. शिट्टी वाजली नाही, बाकी सगळं तेच. मीही मास्क जॅकेटच्या खिशात कोंबला. ऑगस्टच्या सुरुवातीला डेल्टा आला आणि बे एरियात सार्वजनिक इमारतींमध्ये मास्क परत आला. सप्टेंबरमध्ये गणपती. मंडळाने भाड्याने हॉल घेतला होता आणि दारावर कोण, तर मी. गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला, हातात मास्कचा खोका. 'मास्क लावल्याशिवाय आत प्रवेश नाही' हा बोर्डही माझ्याच प्रिंटरवर छापलेला.

दोन तास दारावर उभा राहिलो. मग आरती सुरू झाली. घसा मोकळा करून म्हणायची तर तोंडावर फडकं कसं चालेल? मास्क हनुवटीवर घेतला. शेजाऱ्याने माझं बघून घेतला, त्याच्या शेजाऱ्याने त्याचं बघून. दोन मिनिटांत अर्धा हॉल उघड्या तोंडाने घालीन लोटांगण म्हणत होता. दोन वर्षांनी एवढी माणसं एकत्र गात होती. छान वाटलं, खोटं का बोलू?

रात्री ग्रुपवर फोटो आले. एकात मी पुढे, टाळ हातात, तोंड आ वासलेलं, छातीवर तो बिल्ला. मागे कोपऱ्यात, दाराजवळच्या खुर्चीवर, काका. नाकावरून हनुवटीपर्यंत नीट झाकलेला मास्क, टाळ्या वाजवतायत. मी फोटो मोठा करून बघितला आणि मला तो बॉक्सिंगचा सामना आठवला. फोटोत थकवा दिसत नाही, भक्तीही दिसत नाही.

आठ-दहा दिवसांनी काकांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. चार दिवस ऑक्सिजनवर हॉस्पिटलमध्ये होते. लस घेतलेली होती म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. कुठून झाला? ते कुणालाच सांगता येणार नाही. ते दुकानात जात होते, नातवंडं शाळेत जात होती. हॉलमधल्या आणखी कुणाला झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. हे सगळे मुद्दे मी स्वतःला तेव्हा बऱ्याचदा सांगून पाहिले.

काका घरी आल्यावर डबा घेऊन भेटायला गेलो. मास्क लावून, दारातच उभा राहिलो. म्हटलं, "काका, त्या दिवशी आरतीला मी..." त्यांनी हात हलवला. म्हणाले, "अरे, आरतीला माझाही हात गेला होता मास्ककडे. मग तू दुकानात म्हणाला होतास ते आठवलं."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काका-काकू पुढच्या वर्षी सांगलीला परतले. अधूनमधून फोन असतो. दम्याचं विचारतो, ते पावसाचं सांगतात. मास्कचा विषय निघत नाही.

हॅसलर त्या फोटोनंतरही कामावर राहिले, डिसेंबरात लोकांच्या शिव्या खात पुन्हा मास्क मागत राहिले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो निर्लज्जपणा वाटला होता. आता वाटतं, ५ डॉलर भरून, मान खाली घालून, पुन्हा तीच गोष्ट लोकांना सांगायला उभं राहणं सोपं नसणार. मला तर पुढच्या गणपतीला दारावर उभं राहायचा धीर झाला नाही. कुणीतरी दुसरं उभं राहिलं.

तो तुटका मास्क मी टाकला नाहीये. खिशात परत ठेवलाय. उपयोगाचा काही नाही, पण जॅकेट घातलं की हाताला लागतो.